फॉस्फो-ईजीएफआर गेला, पेशी मात्र जगल्या: आयसी-५० दर वेळी बदलतो तेव्हा काय तपासायचं

नागपुरातल्या एका पीएचडी करणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जिभेच्या कर्करोगाच्या सेल लाइनला (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींना) एर्लोटिनिब देते, म्हणजे पेशीवरचा वाढीचा रिसेप्टर ईजीएफआर अडवणारं ड्रग. एका तासानं ब्लॉटवर (प्रोटीनचे बँड दाखवणारी चाचणी) फॉस्फो-ईजीएफआर आणि फॉस्फो-ईआरके, म्हणजे ईजीएफआर आणि त्याचा सिग्नल पुढे नेणारा ईआरके यांची फॉस्फेट लागलेली चालू रूपं, दोन्ही जातात, पण २४ तासांनी ईआरकेचा बँड परत येतो. ७२ तासांच्या एमटीटीत (जिवंत पेशींचा रंगावरून अंदाज देणारी चाचणी) आयसी-५०, म्हणजे रीडिंग निम्म्यावर आणणारी ड्रगची तीव्रता, एकदा २ मायक्रोमोलर आला, नंतर ९, मग १४. मे महिन्यात तर एकही प्लेट दुसरीशी जुळली नाही. गाइड म्हणतात ड्रग खराब झालंय, नवीन मागव. तसं करू, की माझाच हात चुकतोय?

नवीन ड्रग लगेच मागवू नका. एका तासात ईजीएफआर बंद पाडणारं ड्रग खराब म्हणता येत नाही. त्याची ताकद थोडी उतरली असेल, पण २ आणि १४ मधला सात पटींचा फरक त्यातून निघणार नाही. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे गुंते एकमेकांत अडकले आहेत. आकडा हलतो हा मोजमापाचा गुंता, आणि ईआरके परत येतो हा जीवशास्त्राचा. दुसऱ्यात खरोखर काहीतरी सापडण्यासारखं आहे, पण पहिला सुटल्याशिवाय त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

या प्रकारच्या कामात मी तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारते. ड्रग लक्ष्यावर पोचलं का? सिग्नल दबला तर किती वेळ दबून राहिला? आणि पेशी त्या सिग्नलवर जगते का? आयसी-५० या तिन्हींची उत्तरं एका आकड्यात कोंबतो, म्हणून तो एकटा काहीच सांगत नाही. सेल लाइन कोणती, पॅसेज कितवा (पेशी नव्या डिशमध्ये कितव्यांदा वाढवल्या), ड्रग बेस आहे की सॉल्ट, हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे काही ठिकाणी मला ‘असं असेल तर’ म्हणावं लागेल.

सुरुवात स्टॉकपासून करा, म्हणजे डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेल्या ड्रगच्या दाट द्रावणापासून. बाटलीवरचं लेबल वाचा. एर्लोटिनिब बेसचा रेणुभार ३९३.४, हायड्रोक्लोराइडचा ४२९.९. १० मिलिमोलर स्टॉक १ मिलीलिटर करायचा तर बेस ३.९३ मिलिग्रॅम लागतो, सॉल्ट ४.३० मिलिग्रॅम. सॉल्ट हातात आणि रेणुभार बेसचा धरला, तर स्टॉक जवळजवळ ९ टक्के कमी पडतो. ही चूक छोटी आहे, पण ती कायम सोबत राहते. स्टॉकचे १०-२० मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० वर ठेवा आणि एकदा वितळवलेला भाग परत गोठवू नका, कारण डीएमएसओ हवेतली ओल ओढून घेतो. डीएमएसओ सुमारे १८.५ अंशाला गोठतो. उन्हाळ्यात एसी १८ वर लावलेल्या खोलीत ट्यूब वितळल्यासारखी दिसते आणि तळाशी गोठलेला थर शिल्लक असतो. वरून घेतलेला मायक्रोलिटर तेव्हा स्टॉकइतक्या तीव्रतेचा असेलच असं नाही. ट्यूब पूर्ण वितळू द्या, व्हॉर्टेक्स करा, एकदा उजेडात धरून पाहा, मगच पिपेट लावा.

डायल्यूशन मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात) नको, डीएमएसओत करा. १० मिलिमोलरपासून अर्ध्या लॉगच्या पायऱ्या घ्या, म्हणजे प्रत्येक वेळी ३.१६ पट खाली. प्रत्येक पायरीतला १ मायक्रोलिटर ५०० मायक्रोलिटर मीडियात टाकला की दुप्पट तीव्रतेचं मिश्रण तयार होतं. वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) आधीचे १०० मायक्रोलिटर असतात, त्यात याचे १०० घाला. सगळ्या वेलमध्ये डीएमएसओ ०.१ टक्का राहतो आणि वरची तीव्रता १० मायक्रोमोलर येते. व्हेइकल कंट्रोललाही (ड्रगऐवजी नुसता सॉल्व्हंट दिलेली वेल) तेवढाच डीएमएसओ. मीडियातच साखळी डायल्यूशन केलं तर ड्रगबरोबर डीएमएसओही प्रत्येक पायरीला कमी होत जातो, आणि वरच्या डोसचा परिणाम ड्रगचा की सॉल्व्हंटचा हे सांगता येत नाही. १० मायक्रोमोलरच्या वर जायची गरज मला दिसत नाही. तिथे एर्लोटिनिब इतर कायनेजही (फॉस्फेट लावणारी एन्झाइम) अडवतं, आणि पाण्यासारख्या मीडियात ते विरघळलेलं राहीलच असं नाही. वरच्या डोसच्या वेलमध्ये सुया दिसतात का, हे मायक्रोस्कोपखाली पाहून घ्या.

आता पेशींची वाढ, कारण सात पटींच्या फरकाचं मोठं कारण मला इथेच असावंसं वाटतं. समजा ड्रग फक्त वाढीचा वेग निम्मा करतं, बाकी काही नाही. पेशी २४ तासांत दुप्पट होत असतील तर ७२ तासांत कंट्रोल ८ पट वाढतो आणि ड्रगवाली वेल २.८३ पट. एमटीटी सांगेल ३५ टक्के. त्याच पेशी थकलेल्या असतील, सीरमचा (मीडियात घालायच्या रक्तद्रवाचा) लॉट बदलला असेल किंवा प्लेट दाट झाली असेल आणि दुप्पट व्हायला ४८ तास लागत असतील, तर कंट्रोल २.८३ पट आणि ड्रगवाली १.६८ पट. आता एमटीटी सांगेल ५९ टक्के. ड्रगचा परिणाम दोन्हीकडे हुबेहूब तोच, पण पहिल्या आठवड्यात हा डोस आयसी-५० च्या पलीकडे गेला आणि दुसऱ्या आठवड्यात अलीकडे राहिला.

यावर उपाय सोपा आहे. ड्रग घालता त्याच वेळी एक वेगळी प्लेट वाचा. ती शून्य तासाची प्लेट. मग कंट्रोल किती पट वाढला आणि ड्रगवाली वेल किती पट, हे दोन्ही कळतं. दोन्हींचा पाया २ चा लॉग घ्या, ड्रगच्या लॉगला कंट्रोलच्या लॉगनं भागा, २ चा तेवढा घात काढा आणि त्यातून १ वजा करा. वरच्या दोन्ही उदाहरणांत उत्तर ०.४१ येतं. याला जीआर मूल्य म्हणतात. २०१६ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि मी तेच वापरायला सांगते. १ म्हणजे परिणाम नाही, ० म्हणजे वाढ पूर्ण थांबली, ऋण म्हणजे सुरुवातीपेक्षा पेशी कमी झाल्या, अर्थात मेल्या. हा शेवटचा भेद तुमच्यासाठी फार मोलाचा आहे. ईजीएफआर अडवणारी औषधं बऱ्याच पेशींना मारत नाहीत, थांबवतात, आणि साध्या टक्केवारीत थांबणं आणि मरणं एकसारखंच दिसतं.

पेशी किती घालायच्या हे अंदाजानं ठरवू नका. एका प्लेटमध्ये वेलमागे ५०० पासून २०,००० पर्यंत पेशी घालून ९६ तासांनी वाचा, म्हणजे चिकटायचे २४ आणि ड्रगचे ७२. रीडिंग जिथपर्यंत सरळ रेषेत वाढतं, त्या हद्दीत तुमचा कंट्रोल शेवटच्या दिवशीही असला पाहिजे. बऱ्याच लाइनना ही सुरुवात ३,००० च्या आसपास येते, पण तुमच्या लाइनसाठी तुम्हीच पाहा.

एमटीटीबद्दल एक इशारा. एमटीटी पेशी मोजत नाही, पेशीतली क्षपणाची क्षमता मोजतं. ईजीएफआर किंवा त्याच्या खालचं एकेटी (जगण्याचा सिग्नल नेणारं प्रोटीन) दाबलं की ग्लुकोजचा वापर उतरतो. पेशी तेवढ्याच असूनही जांभळा रंग कमी येतो. म्हणून निदान एकदा दुसऱ्या पद्धतीनं पडताळा. हूक्स्ट ३३३४२ लावून केंद्रकं मोजता आली तर उत्तम. ती सोय नसेल तर एसआरबी करा, म्हणजे पेशींतलं प्रोटीन रंगवून मोजा. १० टक्के टीसीएनं (ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड) ४ अंशाला तासभर फिक्स, चार वेळा पाण्यानं धुवा, १ टक्का ॲसिटिक ॲसिडमधलं ०.४ टक्के एसआरबी अर्धा तास, १ टक्का ॲसिटिक ॲसिडनं धुवा, १० मिलिमोलर ट्रिसमध्ये रंग सोडवा आणि ५६५ नॅनोमीटरला वाचा. हे स्वस्त आहे, आणि फिक्स करून वाळवलेली प्लेट ठेवून देता येते. वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या प्लेट एकत्र रंगवता येतात, त्यामुळे शून्य तासाची प्लेट सांभाळणंही सोपं होतं.

मे महिन्यात काहीच जुळत नाही, ही तुमची तक्रार मला अगदी पटते, आणि त्याचं कारण तुमच्या हातात नाही, खोलीत आहे. साधा सीओटू इन्क्युबेटर गरम करू शकतो, थंड करू शकत नाही. ३७ अंश धरून ठेवायला त्याला भोवतालची हवा साधारण ५ अंशांनी थंड लागते, म्हणजे खोली ३२ च्या आत हवी. नवतप्यात रात्री लॅबचा एसी बंद केला किंवा लाइट गेली, की आतलं तापमान ३७ च्या वर सरकतं. सकाळी एसी लागल्यावर स्क्रीनवर पुन्हा ३७ दिसतं आणि रात्री काय झालं ते कोणालाच कळत नाही. ३९-४० अंशांना पेशी उष्णतेच्या ताणात जातात, वाढ बदलते, ताणाचे सिग्नल जागे होतात. आत पाण्याच्या छोट्या बीकरमध्ये कमाल-किमान नोंदवणारा थर्मामीटर ठेवा आणि रोज सकाळी दोन्ही आकडे वहीत लिहा. तो आकडा ३८ ओलांडलेला दिसला तर त्या आठवड्याच्या प्लेट विश्लेषणात घेऊ नका. डिसेंबरात उलट होतं. लाइट गेली की इन्क्युबेटर गार पडतो.

दुसरा त्रास कोरड्या हवेचा. विदर्भाच्या उन्हाळ्यात पाण्याचा ट्रे बघता बघता आटतो. कडेच्या वेलमधून पाणी उडालं की तिथे ड्रग आणि मीठ दोन्ही दाटतात. ९६ वेलच्या प्लेटमध्ये कडेच्या ३६ वेल असतात. त्यात २०० मायक्रोलिटर पीबीएस (मिठाचं बफर) भरा आणि प्रयोग आतल्या ६० वेलमध्येच करा. डोस डावीकडून उजवीकडे चढत्या क्रमानं लावत असाल तर तेही थांबवा, कारण तसं केल्यावर प्लेटचा एका बाजूचा कल डोसचा परिणाम वाटतो. पेशी घातल्यावर प्लेट लगेच इन्क्युबेटरमध्ये न ठेवता एसीतल्या सपाट टेबलावर १५-२० मिनिटं राहू द्या, म्हणजे पेशी एका बाजूला गोळा होत नाहीत.

याच्याही आधी मायकोप्लाझ्माचं (पेशींबरोबर लपून वाढणाऱ्या जिवाणूचं) पीसीआर आणि एसटीआर प्रोफाइल (लाइनची डीएनएवरून ओळख). मायकोप्लाझ्मा ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून निसटू शकतो, मीडिया गढूळ करत नाही, पण एमटीटीचं रीडिंग बिघडवतो. लाइन शेजारच्या लॅबमधून आणली असेल तर तिची ओळख नव्यानं पटवा किंवा पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) सेल रिपॉझिटरीतून घ्या. यावर जास्त लिहीत नाही. हे झालं नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

इतकं केल्यावर तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या पॅसेजमधून प्रयोग करा. एका प्लेटमधल्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत, तो एकच. सरासरी लॉगवर घ्या. तुमच्या २, ९ आणि १४ ची साधी सरासरी ८.३ येते, भूमितीय ६.३. दोन-तीन पटींचा फरक मी चालवून घेते, सात पटींचा नाही.

आता ब्लॉट, आणि खरा प्रश्न. आधी हे बघा की २४ तासांचा तो बँड खरा आहे की लायसेटमध्ये (पेशी फोडून काढलेल्या द्रावात) काही गडबड आहे. पेशी ट्रिप्सिननं सोडवून लायसेट केलंय का? तसं करू नका. ट्रिप्सिन आणि सोडवण्याच्या हाताळणीनंच सिग्नल बदलतात. प्लेट बर्फावर ठेवा, बर्फाइतक्या थंड पीबीएसनं एकदाच धुवा, ६ वेलच्या प्लेटच्या एका वेलला १००-१५० मायक्रोलिटर लायसिस बफर घाला आणि तिथेच खरवडा. बफरमध्ये सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट १ मिलिमोलर, सोडियम फ्लोराइड १० मिलिमोलर, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर. व्हॅनाडेट नुसतं पाण्यात विरघळवून चालत नाही. २०० मिलिमोलर द्रावणाचा पीएच १० करा, ते पिवळं होईल. रंग जाईपर्यंत उकळा, गार करा, पीएच पुन्हा १० वर आणा. रंग परत येणं थांबेपर्यंत हेच करत राहा. ईडीटीए आणि डीटीटी व्हॅनाडेटला निकामी करतात, म्हणून बफरची कृती त्या नजरेनं एकदा तपासा. ब्लॉकिंगला दुधाऐवजी ५ टक्के बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) घ्या. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, त्यामुळे फॉस्फो-अँटीबॉडीला पार्श्वभूमी वाढते. धुवायला पीबीएस नको, टीबीएसटी (ट्रिसचं बफर).

ताजा सीरमवाला मीडिया घातला की काही मिनिटांतच ईआरके उसळतो. ड्रग देताना तुम्ही मीडिया बदलत असाल, तर त्या उसळीची भेसळ तुमच्या सुरुवातीच्या वेळांमध्ये आली आहे. मीडिया बदलू नका. त्याच वेलमधला थोडा मीडिया काढून त्यात ड्रग मिसळा आणि परत घाला. सगळ्या वेल एकाच दिवशी पेरा आणि ड्रग उलट्या क्रमानं द्या. लायसेट करायच्या ४८ तास आधी पहिल्या वेलला, मग २४, ४, १ तास आणि १५ मिनिटं आधी बाकीच्यांना, म्हणजे लायसेट एकाच वेळी निघतात आणि पेशींची दाटी फार वेगळी नसते. किमान १ आणि २४ तासांना व्हेइकलची वेल हवीच. फक्त शून्य तासाच्या कंट्रोलशी २४ तासांची तुलना केलेला ब्लॉट काही सिद्ध करत नाही, कारण दाटी वाढल्यानं कंट्रोलमध्येही ईआरके बदलतो.

बँड कोणते बघायचे? फॉस्फो-ईजीएफआर वाय१०६८, फॉस्फो-ईआरके टी२०२/वाय२०४, फॉस्फो-एकेटी एस४७३, फॉस्फो-एस६ एस२३५/२३६ आणि तुटलेला पार्प (पेशी मरत असल्याची खूण), जो ११६ वरून ८९ किलोडाल्टनवर दिसतो. प्रत्येकाबरोबर एकूण प्रोटीनचा बँड. पैसे कमी असतील तर एस६ आणि पार्प सोडू नका. एस६ वर ईआरके आणि एमटॉर (वाढीचं दुसरं कायनेज) दोन्हींकडून येणारं काम जमा होतं. एका वाटेनं सिग्नल सुटत असेल तर तो तिथे दिसतो. अँटीबॉडीची खात्री पटवायला ईजीएफआर भरपूर असलेल्या ए४३१ पेशींना सीरमशिवाय ठेवून ५ मिनिटं ५० नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर ईजीएफ (ईजीएफआर चालू करणारा वाढीचा घटक) द्या. ईजीएफआरचा बँड इतका ठसठशीत येतो की शंका उरत नाही.

बँड खरा निघाला तर तो का परतला हे शोधायला चार डिश पुरतात. पहिलीला २४ तास व्हेइकल. दुसरीला २४ तास ड्रग. तिसरीला २४ तास ड्रग, पण २३ व्या तासाला ताजा डोस पुन्हा. चौथीला आधी ड्रग दिलेलंच नाही, तिला शेवटच्या तासासाठी ड्रगच्या डिशमधला २४ तास जुना मीडिया. त्या मीडियासाठी दुसरीची एक जोड डिश वेगळी ठेवा, म्हणजे दुसरी शेवटपर्यंत हलवावी लागत नाही.

दुसऱ्या डिशमध्ये ईजीएफआरही परत आला असेल आणि तिसऱ्यात पुन्हा गेला असेल, तर ड्रग डिशमध्ये संपतंय. पेशी ते मोडताहेत किंवा ते प्लॅस्टिकला आणि सीरमला चिकटतंय. चौथ्या डिशमध्ये ईजीएफआर बंद पडला नाही तर हे आणखी पक्कं होतं, मात्र जुन्या मीडियात पेशींनी सोडलेले वाढीचे घटकही असतात हे लक्षात ठेवा. असं निघालं तर तुमचा शोध जीवशास्त्राचा नाही, आणि रोज मीडिया आणि ड्रग बदलून प्रयोग नव्यानं करायचा. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्ही डिशमध्ये ईजीएफआर बंद आणि ईआरके चालू असेल, तर पेशीनं दुसरी वाट काढली आहे. माझ्या मते इथूनच तुमचं काम सुरू होतं.

ईआरके चालू असताना तो स्वतःवरचे ब्रेकही तयार करतो. डीयूएसपी६ बनतं, जे ईआरकेवरचा फॉस्फेट काढतं. स्प्राउटी बनतं, जे वरच्या पातळीवर रास (ईआरकेकडे सिग्नल पाठवणारं प्रोटीन) चालू होऊ देत नाही. ईजीएफआरच्या टी६६९ जागेवर ईआरकेमुळे फॉस्फेट बसतं आणि रिसेप्टर मवाळ होतो. तुम्ही ईआरके दाबलात की हे सगळे ब्रेक काही तासांत सैल पडतात, आणि दुसऱ्या रिसेप्टरकडून आलेला थोडासा सिग्नलही पुरेसा ठरतो. एकेटीच्या बाजूलाही असंच आहे. एकेटी दबला की फॉक्सओ (जनुकं चालू करणारं प्रोटीन) केंद्रकात जातो आणि हर३, आयजीएफ१आर, इन्सुलिन रिसेप्टर या दुसऱ्या रिसेप्टरांची निर्मिती वाढवतो. याचा इलाजाशी किती जवळचा संबंध आहे हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगानं दाखवून दिलं. बीआरएएफ (रास आणि ईआरके यांच्यामधलं कायनेज) व्ही६००ई हे एकच उत्परिवर्तन, पण ते अडवणाऱ्या व्हेम्युराफेनिबला मेलानोमाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत प्रतिसाद मिळाला आणि २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तर आतड्याच्या कर्करोगात त्याचा फारसा उपयोग झाला नाही. २०१२ मध्ये कारण कळलं. आतड्याच्या पेशींत ईजीएफआर भरपूर असतो, बीआरएएफ दाबल्यावर तोच जागा होतो आणि ईआरके परत येतो. दोन्ही एकत्र अडवणाऱ्या एनकोराफेनिब आणि सेटुक्सिमॅबच्या जोडीला २०२० मध्ये मान्यता मिळाली. तुमच्याकडे असाच एक ब्लॉट आहे, फक्त अडवलेला बिंदू वेगळा आहे.

पुढची पायरी: डीयूएसपी६ आणि एसपीआरवाय४ (स्प्राउटीचं एक जनुक) यांचं क्यूपीसीआर (जनुकाचा आरएनए मोजणारी चाचणी) १, ४, २४ आणि ४८ तासांना. फॉस्फो-ईआरकेचा बँड त्या क्षणापुरता असतो, ही दोन जनुकं ईआरकेचं काम खरोखर चालू आहे का ते सांगतात. बँड परतला पण डीयूएसपी६ खालीच राहिलं, तर परतलेला ईआरके पेशीला फारसा पुरत नाहीये. दोन्ही परतले तर कोणता रिसेप्टर जागा झाला ते शोधा: फॉस्फो-हर३, फॉस्फो-मेट, फॉस्फो-आयजीएफ१आर. फॉस्फो-आरटीके अरे (अनेक रिसेप्टर एकदम तपासणारा संच) परवडत असेल तर एकदाच, २४ तासांच्या जोडीवर.

तिसरा प्रश्न राहिला: पेशी ईजीएफआरवर जगते का? फुप्फुसाच्या कर्करोगातलं शहाणपण इथे जसंच्या तसं लागू होत नाही. २००४ मध्ये कळलं की ज्या रुग्णांना गेफिटिनिबचा (एर्लोटिनिबसारखंच ड्रग) विलक्षण फायदा होतो त्यांच्या ईजीएफआरमध्ये एक्सॉन १९ डिलीशन किंवा एल८५८आर सारखी उत्परिवर्तनं असतात. पीसी-९ सारखी अशी लाइन दोन आकडी नॅनोमोलर एर्लोटिनिबला झुकते. तोंडाच्या कर्करोगात ईजीएफआर पुष्कळ असतो, पण सहसा बदललेला नसतो. भरपूर असणं आणि त्यावर अवलंबून असणं यांत फार अंतर आहे. डोकं-मानेच्या परतलेल्या कर्करोगात गेफिटिनिबची मेथोट्रेक्सेटशी तुलना करणारी मोठी चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि गेफिटिनिबनं आयुष्य वाढलं नाही. तुमच्या लाइनमध्ये एचआरएएस (रासचं एक जनुक) बदललेलं आहे का ते डेटाबेसमध्ये पाहा. असेल तर सिग्नल ईजीएफआरच्या खालूनच सुरू होतो आणि वर अडवून उपयोग थोडाच. भारतीय रुग्णांच्या गाल-हिरडीच्या गाठींवर २०१३ मध्ये झालेल्या अभ्यासात टीपी५३, एफएटी१, कॅस्प८, एचआरएएस, नॉच१ ही जनुकं वारंवार बदललेली आढळली. कॅस्प८ गेलं असेल तर मरणाची एक वाटच बंद असते. हे आपल्याकडे विशेष लक्षात घ्यायला हवं. विदर्भात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) गालात धरला जातो, आपल्या रुग्णालयांत दिसणाऱ्या गाठींत गाल आणि हिरडीच्या गाठी भरपूर असतात, आणि प्रयोगशाळांत चालणाऱ्या लोकप्रिय लाइन बहुतेक जिभेच्या आहेत. जिभेच्या एका लाइनवरून खर्ऱ्याच्या कर्करोगाबद्दल विधान करू नका. गालाच्या गाठीपासून बनवलेली एक लाइन तरी जोडीला घ्या.

प्रत्येक प्रयोगात पीसी-९ आणि एच१९७५ या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या लाइन ठेवता आल्या तर हात आणि ड्रग दोन्हींवर पहारा बसतो. एच१९७५ मध्ये एल८५८आर बरोबर टी७९०एम आहे, तिथे एर्लोटिनिब हरतं. पीसी-९ नॅनोमोलरला पडली आणि एच१९७५ टिकली, तर स्टॉक ठीक आहे. गाइडना दाखवायला यापेक्षा सरळ पुरावा नाही, आणि नवीन ड्रगच्या निम्म्या वेळात मिळतो.

डोसचा अर्थ लावताना रक्तातली पातळी डोळ्यांपुढे ठेवा. रोज १५० मिलिग्रॅम एर्लोटिनिब घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात ३ ते ४ मायक्रोमोलरच्या आसपास ड्रग असतं, आणि त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त प्रोटीनला चिकटलेलं. १० टक्के सीरमच्या मीडियात अल्ब्युमिन रक्तापेक्षा फार कमी, त्यामुळे डिशमधल्या १ मायक्रोमोलरमध्येही मोकळं ड्रग रुग्णापेक्षा जास्त असू शकतं. १४ मायक्रोमोलरला पेशी मेल्या याला इलाजाच्या दृष्टीनं काही अर्थ नाही. मी यंत्रणेचे प्रयोग १ मायक्रोमोलरला करायला सांगेन. आणि घरात रुग्ण असलेलं कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: हे प्लेटमधल्या पेशींबद्दल आहे, औषध निवडण्याचा निर्णय तुमच्या ऑन्कोलॉजिस्टचाच.

ईआरकेची वापसी हेच जगण्याचं कारण आहे, हे सिद्ध करायला एर्लोटिनिबबरोबर एमईके (ईआरके चालू करणारं कायनेज) अडवणारं ट्रामेटिनिब १ ते १०० नॅनोमोलरमध्ये, पाच बाय पाचच्या मांडणीत द्या. अपेक्षित परिणाम गुणाकारानं काढा. एकट्या एर्लोटिनिबनं ६० टक्के उरतात, एकट्या ट्रामेटिनिबनं ५०, तर काही विशेष न घडता जोडीला ३० टक्के उरायला हवेत. १२ उरले तर बोलण्यासारखं आहे, २७ उरले तर नाही. त्याच वेळी जीआर ऋण झालं का आणि पार्प तुटला का ते पाहा. ईआरके दबून राहिला तरी पेशी नुसत्याच थांबल्या, तर जगण्याचा धागा एकेटी किंवा स्टॅट३ कडे शोधावा लागेल. हीच जोडी हॅकॅटसारख्या कर्करोग नसलेल्या केराटिनोसाइटवरही चालवा. त्वचा आणि आतडं ईजीएफआरवर जगतात, म्हणूनच या औषधांनी पुरळ आणि जुलाब होतात. सगळंच मारणारी जोडी कामाची नाही.

प्रबंधात लिहिताना आयसी-५० एकटा देऊ नका. त्याच्यासोबत कंट्रोल ७२ तासांत किती वेळा दुप्पट झाला, सीरमचं प्रमाण, डीएमएसओची टक्केवारी, पॅसेज आणि जीआर वक्र द्या. आणि २४ तासांचा तो ब्लॉट छापाल तेव्हा शेजारी २३ व्या तासाला पुन्हा डोस दिलेली लेन ठेवा, परीक्षक सर्वांत आधी तीच मागतील.